न दुखणारे पाय

पहिल्यांदा त्या पडद्याकडे पाहिलं तेव्हा मला त्यात पाऊल सापडलंच नाही. बारीक बारीक चौकोन होते, बहुतेक निळे, काही हिरवे-पिवळे. मधूनच एक लाल ठिपका पेटायचा आणि विझायचा. मला काम शिकवणाऱ्या मॅडम शेजारी उभ्या राहून सांगत होत्या, "ही टाच टेकली. आता भार बाहेरच्या कडेनं पुढे सरकतोय. हा चवडा आला. हा अंगठा, आणि सुटलं पाऊल." त्यांचं बोलणं पुरं होईपर्यंत पडद्यावर पुढची चार पावलं पडून गेलेली असत. बाहेरच्या लांब व्हरांड्यात एक काका सावकाश फेऱ्या मारत होते. त्यांच्या बुटातून निघालेली तार पोटरीवरून कमरेच्या पट्ट्यावरल्या डबीत जात होती. मी एकदा काकांच्या पायांकडे बघे, एकदा पडद्याकडे, आणि दोन्हींचा मेळ काही केल्या लागेना.

मी पायताणं करणाऱ्या घरातली. कोल्हापूरजवळच्या आमच्या गावात आप्पा अजूनही चपला शिवतात. रापी, आरी, फरमा ही माझ्या लहानपणापासूनच्या ओळखीची अवजारं. पुढे कृत्रिम अवयव आणि आधारसाधनं बनवण्याचं शिक्षण झालं आणि पुण्यात मधुमेहींच्या पायांवर उपचार करणाऱ्या एका दवाखान्यात, पादत्राणांच्या विभागात, मी कामाला लागले. माप घेणं, साचा काढणं, तळ कापणं यात नवीन फार नव्हतं. नवीन होता तो हा पडदा, आणि त्याला माहिती पुरवणारा, बुटात घालायचा सेन्सरचा सुकतळा.

तो हातात घेतला तर वजनच लागत नाही. प्लास्टिकचे दोन पातळ पापुद्रे, एकावर उभ्या रेघा, दुसऱ्यावर आडव्या. जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे एक खास शाई असते. शाईवर दाब पडला की तिच्यातून वीज जास्त सहज वाहते. दाब जितका मोठा, तितका विजेला होणारा विरोध कमी. एवढंच तत्त्व. पण अशा एका सुकतळ्यावर ९६० पर्यंत छेद असतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ चार. मॅडमनी माझ्या हातात कात्री दिली आणि काकांच्या बुटाच्या मापानं तो कापायला सांगितला तेव्हा माझा हात थांबला. वीज वाहणारी, एवढी महाग वस्तू कापायची कशी? पण तो कापण्यासाठीच बनवलेला असतो. कडेच्या रेघा गेल्या तरी आतल्या चालू राहतात. दुसऱ्या प्रकारचे सुकतळेही असतात, जरा जाड आणि दाब विद्युतधारकतेवरून मोजणारे. त्यांतल्या एका प्रसिद्ध प्रकारात ९९ सेन्सर असतात आणि ते कापता येत नाहीत, पायाच्या मापाप्रमाणे वेगवेगळे ठेवावे लागतात. आमच्याकडचा पहिल्या प्रकारचा. शाईचा स्वभाव असा, की बुटात ऊब वाढली किंवा भार बराच वेळ राहिला की आकडे हळूहळू सरकतात. म्हणून पेशंटला आधी थोडं चालवून घ्यायचं, मग एका पायावर उभं करायचं, आणि त्याचं ठाऊक असलेलं वजन त्या ठिपक्यांच्या बेरजेशी जुळवून घ्यायचं. हे केल्याशिवाय आलेल्या आकड्यावर मॅडम नजरही टाकत नाहीत.

आकडा येतो किलोपास्कलमध्ये. हे एकक मला कितीतरी दिवस परकं वाटत राहिलं. शेवटी मॅडमनी मला कळेल असा हिशेब दिला. शंभर किलोपास्कल म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर, साधारण अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर, एक किलोचा भार. तेव्हापासून मी आकडा पाहिला की मनात किलो करते. पडद्यावर ३२० दिसलं की त्या नखाएवढ्या जागेवर तीन किलोंहून जास्त भार पडतोय, तोही दर पावलाला.

खरा गोंधळ पुढेच होता. प्रत्येक पायावरच्या सगळ्या ठिपक्यांची बेरीज करून पडद्याच्या खालच्या भागात एक आलेख निघतो. त्याला दोन उंचवटे आणि मधे खळगा. ते दोन्ही उंचवटे माणसाच्या वजनाच्या रेघेच्या वर गेलेले! साठ किलोचा माणूस, आणि एका पायावर पासष्ट-सदुसष्ट किलोचा भार? हे मला पटेना. मी काट्यावर उभी राहिले की काटा माझ्या वजनाच्या वर जात नाही, मग चालताना कुठून आलं हे जास्तीचं? मॅडमनी मला त्याच काट्यावर उभं केलं आणि पटकन गुडघे वाकवून थांबायला सांगितलं. काटा आधी खाली गेला आणि मी थांबताना वर उसळला. खाली जाणाऱ्या शरीराला थोपवायला जमिनीला जास्त जोर लावावा लागतो. चालताना आपण दर पावलाला थोडे खाली येतो, थोपवले जातो, ताठ पायावरून कमानीसारखे पलीकडे जातो आणि चवड्यानं स्वतःला पुन्हा ढकलतो. पहिला उंचवटा थोपवण्याचा, दुसरा ढकलण्याचा, मधला खळगा कमानीवरून जाण्याचा. चालण्यासारख्या रोजच्या गोष्टीत एवढी घडामोड आहे हे मला त्या दिवशी समजलं, आणि ते सांगताना अजूनही मला आनंद होतो.

मग वेळ. एका पावलापासून त्याच पायाच्या पुढच्या पावलापर्यंत, सेकंदाहून जरा जास्त अवधीचं एक चक्र. त्यातला साधारण ६० टक्के वेळ पाय जमिनीवर आणि ४० टक्के हवेत. दोन पायांची ही गणितं एकमेकांवर आली की चक्रात दोनदा, प्रत्येकी सुमारे १० टक्के वेळ, दोन्ही पाय जमिनीवर असतात. पळताना हा जोडपायांचा वेळ नाहीसा होतो. पडायची भीती असलेली म्हातारी माणसं तो वाढवतात. आमचं यंत्र सेकंदाला शंभर चित्रं घेतं, म्हणून हे दिसतं. नुसत्या डोळ्यांनी नाही दिसत.

हे सगळं आजचं असेल असं मला वाटत होतं, पण बुटातून दाब मोजण्याची कल्पना दीडशे वर्षांची आहे. फ्रान्समधले शरीरशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात असा बूट दाखवलाय. रबराच्या जाड तळात हवेची पोकळी, तिथून निघालेली नळी, आणि चालणाऱ्याच्या हातात काजळी धरलेल्या कागदाचं फिरतं नळकांडं. पाय टेकला की हवा दाबली जाते आणि सुई काजळीवर रेघ ओढते. आमच्या काकांच्या कमरेवरची डबी आणि ते नळकांडं यांचं काम एकच.

पण आमच्या विभागात हे कशासाठी? ते मला मावशींमुळे कळलं.

मावशी पोळी-भाजी केंद्र चालवतात. साठीच्या, ठसठशीत आवाजाच्या. पहाटेपासून उभ्यानं काम. मधुमेह बरीच वर्षं. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, चवड्यावर, जखम होऊन बरी झालेली आणि तिच्या जागी पुन्हा घट्टा धरू लागलेला. डॉक्टरांनी दहा ग्रॅमच्या जोरावर वाकणारा नायलॉनचा दोरा त्यांच्या तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. मावशी डोळे मिटून बसलेल्या. दोरा वाकत होता आणि मावशी विचारत होत्या, "कधी लावताय?" मी शेजारी उभी होते. ते वाक्य ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. नंतर सेन्सर घालून त्यांना चालवलं तर त्याच जागी लाल ठिपका, तीनशेच्या बराच वर. मावशींनी पडद्याकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "पोरी, अगं मला तिथं काहीच होत नाही. दुखतच नाही, तर काळजी कशाची?"

काळजी नेमकी त्याचीच. हे ज्यांनी जगाला समजावलं त्या डॉक्टरांचं काम आपल्याच देशात झालं. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तमिळनाडूतल्या कोल्ली टेकड्यांवर, मिशनरी घरात झाला. १९४६ पासून ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात होते. कुष्ठरोगानं मांस आपोआप सडतं आणि बोटं झडतात, असं तेव्हा सर्रास मानलं जाई. ब्रँड आणि त्यांचे सहकारी एकेका जखमेचा माग काढत गेले आणि त्यांना दिसलं की रोग नसा बधिर करतो आणि जखमा होतात त्या बधिरपणामुळे. वेदना नसल्यामुळे हात जळतो, पाय त्याच जागी पुन्हा पुन्हा दाबला जातो. पुढे अमेरिकेत, लुइझियानातल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयात, त्यांनी उंदरांच्या पंजांवर हे तपासलं. कातडी फाडणारा मोठा दाब तिथे नव्हता, होता तो बेताचाच, पण हजारो वेळा आणि रोज. आधी पंजा लाल, गरम झाला, सुजला, आणि तरीही तेच चालू ठेवल्यावर जखम झाली. आपला पाय तापला, हुळहुळा झाला की आपण नकळत भार दुसरीकडे टाकतो. लांब चालून आलेला माणूस घरी पोचताना निघाला होता तसा चालत नसतो. मावशींचा पाय मात्र शेवटच्या पावलापर्यंत पहिल्या पावलासारखाच पडतो.

ब्रँड यांच्या मंडळींनी मग वेदना बनवायचाही प्रयत्न केला. हातमोज्यांत आणि पायमोज्यांत दाब मोजणारे सेन्सर घातले. दाब वाढला की कानात आवाज, नंतर दिवा, शेवटी काखेत विजेचा सौम्य झटका. काम जमलं नाही. काही अवघड करायचं असलं की माणसं झटका बंद करून ठेवत आणि काम झाल्यावर पुन्हा चालू करत. हे वाचलं त्या रात्री मला मावशी फार आठवल्या. त्यांना मी आकडे दाखवले होते आणि त्यांनी मान डोलावली होती. मान डोलावणं आणि पाय आखडणं यांत किती अंतर आहे!

तेव्हापासून मी आकड्यांकडे वेगळ्या नजरेनं बघते. आधी घट्टा काढला. घट्टा म्हणजे बुटात राहिलेला खडाच. डॉक्टरांनी तो तासून काढल्यावर त्या जागेचा दाब जवळपास पाव हिश्शानं उतरला, आणि अभ्यासांतही साधारण तेवढीच घट सांगितलेली आहे. मग पादत्राण. कुष्ठरोग्यांसाठी आणि आता मधुमेहींसाठी आपल्याकडे वापरतात तो एमसीआर, म्हणजे बारीक बुडबुड्यांचं मायक्रोसेल्युलर रबर. मऊ, कडकपणाच्या शोअर मापावर पंधराच्या आसपास. वेल्लोरच्या परिसरातल्या कामातूनच त्याचा प्रसार झाला. या चपलांत खिळा चालत नाही, कारण खिळा वर आला तरी घालणाऱ्याला कळणार नाही. हे आप्पांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग आपल्या पायताणात कुठं खिळा असतोय? समदं वादीनं शिवलेलं." खरं आहे. पण अंगठ्याचा वेढा बधिर बोटाला काचतो आणि मागून पट्टा नसल्यानं चपल पायातून निसटली तरी पत्ता लागत नाही. म्हणून आमची चपल अंगठ्याच्या वेढ्याशिवायची, पुढे रुंद आणि मागे पट्टा असलेली.

मला चक्रावून टाकलं ते तळानं. एमसीआरचा थर वाढवला की दाब उतरेल असं कुणालाही वाटावं. थोडा उतरला, पुढे उतरेना. मऊ तळ चवड्याशी वाकतो, बोटं मागे दुमडतात, आणि सगळा भार पुन्हा त्याच हाडाच्या टोकाखाली येतो. मॅडमनी खालून कडक, न वाकणारा तळ लावायला सांगितला, पुढून उचललेला, ज्याची वळण्याची रेघ चवड्याच्या हाडांच्या जरा मागे येते. पायाजवळ मऊ, जमिनीजवळ कडक. असा तळ पुढे डुलत जातो, त्यामुळे बोटांना वाकावं लागत नाही. हात कडक तळ लावत होते आणि मन म्हणत होतं, दुखऱ्या पायाला एवढा कडक? सेन्सर घालून मावशींना चालवलं आणि लाल ठिपका पिवळा झाला. त्यानंतर चवड्याच्या हाडांमागे एक लहान उंचवटा चिकटवला, भार थोडा मागे उचलून घेण्यासाठी. तो काही मिलिमीटर पुढे सरकला तर त्याच हाडाखाली येऊन दाब वाढवतो, मागे राहिला तर उपयोगच होत नाही. उंचवटा सोडवायचा, सरकवायचा, चिकटवायचा, पुन्हा चालवायचं. आणि चालवायचं तेही एकाच वेगानं, कारण माणूस भरभर चालला की दाब आपोआप वाढतो आणि आपण दोष चपलेला देतो. पहिली आणि शेवटची पावलं सोडायची, मधली निदान बारा घ्यायची. बऱ्या झालेल्या जखमेसाठी बुटातला सर्वांत मोठा दाब २०० किलोपास्कलच्या खाली, किंवा आधीच्या चपलेपेक्षा निदान ३० टक्के कमी यावा, असं मधुमेही पायांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमधून आलेलं माप आम्ही धरतो. मावशींचा आकडा त्याखाली गेला तेव्हा मी आणि मॅडम दोघी हसलो.

आप्पा जुनी चपल उलटी करून चाल सांगतात. टाचेची बाहेरची कड झिजली, म्हणजे तिथे पाय घासत टेकतो. ते वाचन मी घरी शिकले आणि ते खोटं नाही. पण झीज घासण्यानं होते आणि सेन्सर सांगतो सरळ खाली पडणारा दाब. मावशींच्या जुन्या चपलेचा तळ त्या धोक्याच्या जागी फारसा झिजलेलाच नव्हता. उलट कातडीला आडवं ताणणारं, घासणारं बळ आमचा हा सुकतळा मोजतच नाही, आणि जखमेत त्याचाही वाटा असतो. म्हणून मी चपल उलटी करून बघणं सोडलेलं नाही.

आणि मग मावशी तपासणीला आल्या, तर घट्टा पुन्हा धरलेला. चपल छान होती, स्वच्छ होती, तळ जवळजवळ नवा. मी विचारलं, "मावशी, घालता ना तुम्ही?" "घालते की गं. दवाखान्यात येताना, बाजारात जाताना." आणि स्वयंपाकघरात? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचा प्रश्न गिळला. ओट्याजवळ, चुलीजवळ, देवघराशेजारी चपल? त्यांच्या सासूबाई हयात आहेत.

मॅडमनी मला एका डच अभ्यासाचे आकडे दाखवले, २०१३ सालचे. जखम बरी झालेल्या १७१ मधुमेही माणसांना खास बूट दिले होते. त्यांतल्या निम्म्यांचे बूट आम्ही करतो तसंच दाब मोजून सुधारले होते. दीड वर्षानं दोन्ही गटांत पुन्हा जखमा झालेल्यांचं प्रमाण फारसं वेगळं नव्हतं, सुमारे ३९ आणि ४४ टक्के. पण ज्यांनी ऐंशी टक्के किंवा जास्त पावलं त्या बुटांत टाकली, त्यांच्यात सुधारलेल्या बुटांचा फरक मोठा होता, २६ टक्के विरुद्ध ४८ टक्के. त्याच लोकांवरच्या दुसऱ्या पाहणीत दिसलं की माणसं बूट बाहेर पुष्कळ घालतात, घरात कमी घालतात, आणि पावलं मात्र घरातच जास्त टाकतात. हे हॉलंडमधलं, जिथे घरात बूट घालणं फारसं खटकत नाही. आपल्याकडे तर चपला उंबऱ्याबाहेरच राहतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात मधुमेहाची १०.१ कोटी माणसं आहेत. त्यांतल्या ज्यांचे पाय बधिर झालेत त्यांच्यापैकी पुष्कळजण दिवसाची बहुतेक पावलं अनवाणी, फरशीवर टाकतात. आमच्या पडद्यावर त्यांतलं एकही पाऊल येत नाही. आमचं सगळं मोजमाप त्या व्हरांड्यातलं.

मला राग आला. मावशींवर नाही, व्हरांड्यावर. मी मॅडमना म्हटलं, घरातली वेगळी जोडी करू या. कधीही दाराबाहेर न जाणारी, वेगळ्या रंगाची, धुता येणारी, सासूबाईंना दाखवून, त्यांच्या समोर पहिल्यांदा घालायची. मॅडम लगेच हो म्हणाल्या. आप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "चामडं लावू नको वर. देवाच्या घरात चामडं नको म्हणतील. कापडी पट्टा घे." हा विचार आमच्या कुठल्याही पुस्तकात नव्हता. कापडी पट्टा घेतला, वर वेलक्रो, कारण मावशींना वाकून बक्कल लावणं जमत नाही. सासूबाईंनी जोडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, विचारलं, "ही बाहेर नाही ना जायची?" आणि परवानगी दिली.

मग आम्ही बिनतारी सुकतळा घालून मावशींना त्यांच्याच स्वयंपाकघरात मोजलं. आणि मी पुन्हा तिथेच, पहिल्या दिवशीच्या गोंधळात. दोन उंचवट्यांचा तो आलेख कुठेच नाही. टाच-चवडा-अंगठा असा क्रमही नाही. मावशी ओट्याशी उभ्या राहतात, उजव्या पायावर रेलतात, पोळी लाटताना टाच किंचित उचलतात, मग एक पाऊल बाजूला, जागच्या जागी वळून गॅसकडे, चवड्यावर गिरकी घेऊन परत. प्रत्येक गिरकीला तोच ठिपका. उभं राहण्याचा दाब कमी, पण तो इतका वेळ टिकून राहिलेला, की सर्वांत मोठा आकडा बघून काहीच कळत नाही. दाब आणि वेळ यांचा गुणाकार करून बघावा लागतो, आणि त्यासाठीची सुरक्षित मर्यादा व्हरांड्याच्या आकड्यांवरून काढता येत नाही.

मॅडमनी ती नोंद पुन्हा पुन्हा पाहिली आणि म्हणाल्या, "याचं काय करायचं ते आपल्याला बसून शोधावं लागेल." पुढे डुलणारा तळ सरळ चालण्यासाठी ठीक, पण अशा बाजूला टाकलेल्या पावलांसाठी आणि गिरक्यांसाठी तळाची वळणरेघ तिरपी हवी का, ओट्यापुढे उभं राहायच्या जागी एमसीआरची चटई घातली तर किती फरक पडेल, हे प्रश्न मी वहीत लिहून ठेवलेत. चटईपासून सुरुवात करणार आहोत, कारण ती चामड्याची नाही, पायातही घालावी लागत नाही, आणि सासूबाईंनाही तिच्यावर उभं राहता येईल. त्यांनाही मधुमेह आहे, आणि त्यांच्या पायांना तो दोरा अजून कुणी टेकवलेला नाही. पुढच्या आठवड्यात दोघी येणार आहेत.